"शिकवतोय तर पैसे कसले?" म्हणणाऱ्या पत्रेवाल्या शेठना उत्तर (लांब आहे, चहा घेऊन बसा)

बॅकगेज_बंड्या
काल इथे भोसरीतल्या एका शेठनी जे लिहिलं ते वाचून डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा काढतोय. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पत्राकाम हे हाताने शिकायचं काम, आमच्या वेळी पोरगं उस्तादाच्या हाताखाली तीन वर्षं जेवण आणि दिवाळीच्या कपड्यांवर राबायचं, आता सरकारने अ‍ॅप्रेंटिस कायदा आणून आमच्या अकरा माणसांच्या शेडवर पोरं लादली, शिकवायचंही आम्हीच आणि महिन्याला सात हजार सातशेही आम्हीच मोजायचे. शेवटचं वाक्य, "शिकवतोय तर पैसे कसले?"

शेठ, कायदा १९६१ चा आहे, तुमच्या शेडपेक्षा म्हातारा. आणि अकरा माणसांवर कोणी काही लादलेलं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सक्ती आहे ती ३० आणि वर माणसं असतील तर, कंत्राटी धरून, त्यांच्या अडीच ते पंधरा टक्के. ४ ते २९ वाल्यांची मर्जी. म्हणजे अ‍ॅप्रेंटिसच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी तुम्हीच केलीत, पोरगं तुम्हीच मागितलंत, आणि आता लग्न झाल्यावर नवरी नको म्हणताय.

मी चिंचवडला पत्र्यात पंचवीस वर्षं काढली. उस्तादाच्या हाताखालीच शिकलो, म्हणून त्या सोनेरी काळाचं मला सांगू नका. पहिले आठ महिने चहा, झाडू, बर (कापल्यावर राहणारी धारदार कड) काढणे आणि भंगाराची पोती. प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायचं मशीन) उस्ताद बॅकगेज, म्हणजे बेंडचं माप ठरवणारा मागचा थांबा, लावायचा तेव्हा मुद्दाम पाठ करून उभा राहायचा, आकडा दिसू नये म्हणून. एकदा तो सुट्टीवर असताना मला ५० बाय ५० मिमीच्या एल क्लिपा करायला सांगितल्या, १.२ मिमी जाडीच्या सीआरसी पत्र्यात. मी १०० च्या पट्ट्या कापल्या, पन्नास अधिक पन्नास शंभर, चौथीतलं पोरगं पण हेच करेल. बेंड मारली तर एक पाय बरोबर ५०, दुसरा ५२. चाळीस नग भंगारात. वाकताना पत्रा थोडा ताणतो म्हणून ९८ कापायचा असतो, एवढी एक ओळ त्या माणसाने आठ महिन्यांत सांगितली नव्हती. वर शेठने पैसे माझ्या हातखर्चातून कापले.

तेव्हा पैशांचं रडू नका, पोराला शिकवलं काय ते सांगा.

शेड_नं_११
मीच तो शेठ. आधी ३० चा आकडा. मला कन्सल्टंटने सक्ती आहे म्हणून सांगितलं आणि फी पण घेतली. ठीक आहे, तो मुद्दा तुमचा, पेढे वाटा.
पण बाकीचं काय? माझ्याकडे आलेलं पोरगं वर्षभर आयटीआय करून आलंय, सर्टिफिकेट आहे, आणि स्निपने (पत्र्याची कात्री) सरळ रेषेत पत्रा कापता येत नाही. लेसर आणि सीएनसी ब्रेकचे व्हिडिओ दाखवतो मला. माझा मिस्त्री रोज दोन तास त्याच्यामागे घालवतो, त्या दोन तासांचे कोण देणार? सरकार स्टायपेंडचे पंचवीस टक्के देतं, दीड हजारापर्यंत, ते पण आता थेट पोराच्या खात्यात. आणि शिकला की चाकणला कोणी दोन हजार जास्त देतो की हा चालला. मी काय धर्मशाळा उघडलीये?

गणवेश_खाकी
आयटीआयला शिकवतो म्हणून बोलतो. आमच्याकडे शीट मेटल वर्कर एक वर्षाचा. त्यात सेफ्टी, हत्यारं, डेव्हलपमेंट (वाकवण्याआधीचा सपाट आकार) काढणं, लॉक सीम, सोल्डरिंग, गॅस वेल्डिंग, सगळं. पोरं दहावीत गणिताला घाबरून आलेली असतात हो. तुमच्या मिस्त्रीचे दोन तास जातात म्हणता, माझ्याकडे एका बॅचला पत्रा येतो तोच मोजून. आणि पोराला विचाराल किती जाडीचा पत्रा, तर तो "१८ गेज" म्हणतो, हे तुमच्या शेडमधून शिकून येतात. आमच्याकडे मिलिमीटर शिकवतात.

डक्टवाला_हडपसर
सर गेजला काय वाईट आहे? आख्खी एसी डक्टची लाईन गेजवर चालते. २२ गेज जीआय (जस्त चढवलेला पत्रा) म्हटलं की सगळ्यांना कळतं.

गणवेश_खाकी
कळत नाही, तोच तर घोळ. स्टँडर्ड वायर गेज धरलं तर २२ म्हणजे ०.७१ मिमी. अमेरिकन गॅल्व्हनाइज्डचा तक्ता धरला तर ०.८५. आणि दुकानदार २२ म्हणून देतो ०.८. सांगा, पोराने बेंड अलाउन्स (वाकताना पत्रा ताणतो त्याचा हिशेब) कशावर काढायचा?

डक्टवाला_हडपसर
डक्टला बेंड अलाउन्स कोण काढतो. दोन एमएम इकडेतिकडे, सीलंट आहे की.

बॅकगेज_बंड्या
हेच. सीलंट आहे की! या तीन शब्दांत पुण्यातली निम्मी एसी गळती आली.

कसब्याचा_तांबट
तुमचं गेज चालू द्या पण उस्तादांना सरसकट शिव्या घालू नका. आमचं घर तांबट आळीतलं. आजोबांनी वडिलांना मठारकाम (तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ठोके देणं) शिकवलं, वडिलांनी मला. ठोका कुठे, किती, हातोडी कशी उचलायची, हे कुठल्या तक्त्यात नाही. गेज पण नाही आणि मिलिमीटर पण नाही, कानाने कळतं पत्रा कुठे पातळ झाला ते. त्याला करार काय करणार? पोर्टलवर 'कान' म्हणून कॉलम आहे का?

बॅकगेज_बंड्या
तांबट साहेब, तुमच्या आजोबांनी स्वतःच्या मुलाला शिकवलं, दुकान त्यालाच जाणार होतं. माझ्या उस्तादाने मला का शिकवावं, उद्या मी त्याच्याच जागेवर बसलो असतो. फरक एवढाच. कान वगैरे मान्य, पण आळीबाहेरच्या किती पोरांना दिलात हा कान?

कसब्याचा_तांबट
आलंच कोणी नाही. आणि आले ते टिकले नाहीत.
(बरं, एक आला होता. त्याला वडिलांनी नाही शिकवलं. कारण विचारू नका.)

एचआर_ताई
शेठची बाजू घेतेय असं वाटेल पण एक सांगते. आमच्या मोठ्या कंपन्या तरी काय वेगळं करतात? पीएफ नाही, ईएसआय नाही म्हणून अ‍ॅप्रेंटिस हवा असतो. आधी 'नीम' या ट्रेनी योजनेची पोरं होती, ते बंद झालं तर आता 'लाडका भाऊ' योजना आहेच, आयटीआयवाल्याला आठ हजार, तेही सरकारच्या खिशातून. मॅनेजर मला सरळ म्हणतो, मॅडम लाईनला बारा 'हात' पाठवा. हात! आणि पोरं भरलीच नाहीत तर दंड किती? कमी पडलेल्या प्रत्येक जागेमागे पहिले तीन महिने ५०० रुपये महिना, नंतर १०००. सात हजार देण्यापेक्षा पाचशे भरणं कोणाला जड जाणार? २०१४ मध्ये तुरुंगाची तरतूद काढली तेव्हाच ह्या कायद्याची कवळी निघाली.

शेड_नं_११
ताई तुम्ही माझ्याच बाजूने बोललात. मोठ्यांना पाचशेत सूट आणि छोट्याने प्रामाणिकपणे घेतलं की सगळे तुटून पडतात. मे २०२५ मध्ये तर स्टायपेंडमध्ये ३६ टक्के वाढीची शिफारस केली, महिना ६८०० ते १२३००. द्या, अजून द्या. माझ्या हेल्परला मी बारा हजार देतो, त्याला काय सांगू?

मुळशीची_काकू
मी पत्र्यातली नाही. माझ्या भाच्याचं सांगते आणि जाते.
वय एकोणीस. एका प्रेस शॉपमध्ये लागला, नाव सांगत नाही. करार नाही, हजेरीवर नाव नाही, "आधी महिनाभर शीक मग बघू." पॉवर प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची दोन बटणं असतात ना, हात आत राहू नये म्हणून? त्यातलं एक काडी घालून कायमचं दाबून ठेवलेलं, नग पटापट निघावेत म्हणून. अकराव्या दिवशी उजव्या हाताची दोन बोटं गेली. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं, वर वीस हजार दिले आणि कागदावर सही घेतली की घरी काम करताना लागलं.
तुमचं गेज चालू द्या.

बॅकगेज_बंड्या
काकू... काय बोलू.
शेठ, हे वाचा. करार असता तर कायद्याच्या कलम १६ प्रमाणे, अपघात भरपाईच्या कायद्याखाली मालकाला द्यावंच लागलं असतं, शिकाऊ असला तरी. तुम्ही ज्याला कटकट म्हणताय ती ही कटकट.

शेड_नं_११
माझ्याकडे काडी नाही हो. लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) आहे एका प्रेसला. दुसऱ्याला पेडल आहे. त्याला गार्ड आहे. म्हणजे होता, डाय (साचा) बदलताना काढला, लावायचा राहिलाय.
उद्या लावतो. खूश?

एचआर_ताई
फोटो टाका.

डक्टवाला_हडपसर
ते ठीक, पण सर तो ०.८५ चा तक्ता कुठला? मी पंधरा वर्षं ०.८ ला २२ च म्हणतोय आणि बिलं पास झालीत.

गणवेश_खाकी
बिलं पास होतात म्हणून पत्रा जाड होत नाही.

डक्टवाला_हडपसर
सर पर्सनल जाऊ नका. तुमच्या आयटीआयच्या शीअरचं (पत्रा कापायचं मशीन) ब्लेड कधी बदललं होतं ते सांगा आधी. माझ्याकडे आलेल्या पोराने ते नवीन कधी बघितलंच नव्हतं.

गणवेश_खाकी
मागणी दिलीये. फाईल वर आहे.
(हसू नका.)

खेडचा_पोरगा
मी आत्ता अ‍ॅप्रेंटिस आहे, कंपनी सांगत नाय. सगळे आमच्याबद्दल बोलताय म्हणून लिहितो. राजगुरुनगरवरून येतो, चाकण चौकात रोज तास जातो. स्टायपेंड वेळेवर येतो खोटं कशाला बोलू. पण महिनाअखेरीला डिस्पॅच असला की आठपर्यंत थांबवतात. आम्हाला ओव्हरटाइम परवानगीशिवाय लावता येत नाय हे मला माहीतच नव्हतं, आत्ता शोधलं. मिस्त्री चांगले आहेत, विचारलं की सांगतात, फक्त विचारायला वेळ पाहिजे.

आणि गेजचं भांडण कशाला, मायक्रोमीटर लावला की झालं ना. आमच्याकडे एकच आहे, तो शेठच्या ड्रॉवरला कुलपात. चोरीला जाईल म्हणून.

शेड_नं_११
कुठली कंपनी रे तुझी?

खेडचा_पोरगा
सांगत नाय म्हटलं ना.

शेड_नं_११
नाही, सहज विचारलं. माझा पण ड्रॉवरमध्येच असतो.