अनुभव धागा: पाऊस, शेवाळ, तळी आणि डोंगर (प्रशांत किनाऱ्यावरच्या पायवाटा)

परवा ओले बूट गॅरेजमध्ये वाळत घालत होते. नवरा म्हणाला, "हे बूट शेवटचे कोरडे कधी होते गं?" मला काही आठवेना, म्हणून हा धागा काढला.

उत्तर कॅलिफोर्नियापासून वॉशिंग्टन, ब्रिटिश कोलंबिया करत पार अलास्कापर्यंत समुद्राला लागून थंड हवेचं वर्षावन आहे. समुद्रावरून आलेले ढग मागच्या डोंगरांना अडतात आणि तिथेच रिते होतात. म्हणून सकाळी नेच्यांतून चालायला लागलं की दुपारी तळं आणि संध्याकाळी बर्फ, असं एकाच वाटेवर जमून जातं. आपल्यातले बरेच जण या वाटांवर जातात, फोटो टाकतात आणि गप्प बसतात. फोटोत चिखल येत नाही. तर मंडळी, फोटो नकोत. काय चुकलं, काय भिजलं, कुठे वाट लागली ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. सिएटलजवळचं लेक ट्वेंटी-टू, जाऊन-येऊन साधारण ९ किलोमीटर. हा भाग १९४७ पासून संशोधनासाठी राखीव असल्यामुळे जुने सीडर वृक्ष शाबूत आहेत. पहिल्याच वर्षी मी तिथे जीन्स घालून गेले. जीन्सने पाणी प्यायलं आणि तळ्याशी पोचेपर्यंत एकेक पाय पाच किलोंचा झाला. वर वारा होता. दात वाजायला लागले तेव्हा एका अनोळखी बाईंनी स्वतःची लोकरी टोपी माझ्या डोक्यावर चढवली आणि म्हणाल्या, "सुती कपडे पुन्हा घालू नकोस." सुती कापड एकदा भिजलं की अंगाची ऊब ओढून घेतं. हवेत ८-१० अंश असले तरी हायपोथर्मिया (अंगाचं तापमान धोक्याइतकं उतरणं) होऊ शकतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं. तळं कसं होतं? आठवत नाही. टोपी आठवते.

चिखल्या

मी वेस्ट कोस्ट ट्रेल केलाय, व्हँकुव्हर बेटावरचा. ७५ किलोमीटर, आम्हाला सात दिवस लागले. १ मे ते ३० सप्टेंबर एवढाच उघडा असतो, परवाना आधी काढावा लागतो आणि निघण्यापूर्वी तासभर माहितीचं सत्र सक्तीचं असतं. त्या सत्रात मी मागे बसून पेंगत होतो. चूक नंबर एक. तिथे भरती-ओहोटीचं वेळापत्रक कसं वाचायचं ते शिकवतात.

वाट कधी जंगलातून जाते, कधी किनाऱ्यावरून. किनाऱ्याची वाट सोपी वाटते, पण समुद्र ती दिवसातून दोनदा परत घेतो. ओवेन पॉइंटच्या गुहांतून फक्त ओहोटीलाच जाता येतं. आम्ही नाश्त्याला वेळ लावला, तिथे पोचेपर्यंत पाणी वर येत होतं. मित्र म्हणाला, "गुडघ्याएवढंच आहे, जाऊ." तेवढ्यात एक लाट आली आणि गुडघ्याची कंबर झाली. मागे फिरलो. मग जंगलातला तो पट्टा: मुळांचं जाळं, त्याखाली चिखल, चिखलावर ओंडका, ओंडक्यावर शेवाळ. पाच किलोमीटरला अख्खा दिवस गेला. अतिशयोक्ती नाही, दक्षिणेकडच्या टोकाला सगळ्यांचंच असं होतं.

आणि शिड्या! संपूर्ण वाटेवर शंभराहून जास्त लाकडी शिड्या आहेत, काही ठिकाणी एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी. पाठीवर १८ किलोंची सॅक, पायऱ्या ओल्या, खाली दरी. किल्ल्यांवरच्या शिड्या चढलेला माणूस मी, मला काय त्याचं, असं वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी मी प्रत्येक शिडीला आधी हात जोडायचो, मग पाय लावायचो. काही नद्यांवर तारेवरचा पाळणा आहे. त्यात बसायचं आणि दोर हाताने ओढत पलीकडे जायचं. अर्धं अंतर उताराचं असतं म्हणून फुशारकी मारत जातो, उरलेल्या अर्ध्यात दंड भरून येतात.

ही वाट मुळात हौसेसाठी केलेलीच नाही. जानेवारी १९०६ मध्ये व्हॅलेन्शिया नावाची बोट सॅन फ्रान्सिस्कोहून सिएटलला येत होती. धुक्यात सामुद्रधुनीचं तोंड चुकली आणि इथल्या खडकांवर आदळली. शंभरावर माणसं गेली. त्यांतली एकही बाई, एकही मूल वाचलं नाही. किनारा डोळ्यांसमोर होता, पण वर चढून मदतीपर्यंत पोचायला धड वाट नव्हती. त्यानंतर सरकारने टेलिग्राफच्या तारांच्या कडेने बुडत्या जहाजांतल्या लोकांसाठी ही वाट बांधली. शिडीवर शिव्या देताना मला हे आठवलं की शिवी अर्ध्यावर थांबायची.

निटिनाट नॅरोज या अरुंद खाडीपाशी डिटिडाट हे इथले मूळ रहिवासी बोटीने पलीकडे सोडतात आणि तिथेच ताजे खेकडे उकडून देतात. पाच दिवस मेतकूट-भात खाल्ल्यावर तो खेकडा! त्याबद्दल स्वतंत्र धागा काढीन.

पाणपोई

चिखल्या, पेंगत होतास हे वाचून आनंद झाला. मला वाटायचं मी एकटीच.

दोन_काठ्या

सासूबाई (वय ६८, गुडघे दोन्ही तक्रारखोर) भारतातून आल्या होत्या. त्यांना वॉशिंग्टनमधल्या ऑलिम्पिक नॅशनल पार्कच्या होह वर्षावनात नेलं. तिथली हॉल ऑफ मॉसेस ही फेरी जेमतेम सव्वा किलोमीटरची, जवळपास सपाट. मोठ्या ट्रेलवाल्यांनो, नाक मुरडू नका. आम्हाला अडीच तास लागले, कारण सासूबाई प्रत्येक झाडापाशी थांबत होत्या.

त्यांना पहिला प्रश्न पडला तो हा: झाडं एका रांगेत कशी? कोणी लावली? कोणीच नाही. जमिनीवर शेवाळाची आणि नेच्यांची एवढी दाटी असते की बारीक बी तिथे तग धरत नाही. मग हेमलॉक आणि स्प्रूस या सूचिपर्णी झाडांची रोपं पडलेल्या ओंडक्यावर रुजतात, त्याच्या कुजण्यावर वाढतात आणि मुळं ओंडक्यावरून खाली जमिनीत सोडतात. शंभर-दोनशे वर्षांनी ओंडका संपतो. मुळं मात्र तशीच कमान करून उभी राहतात, खाली पोकळी. इथे त्याला 'नर्स लॉग' म्हणतात. सासूबाईंनी त्या पोकळीत वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे म्हातारं बाळंतपण करतंय." मी आजवर वाचलेल्या कुठल्याही पाटीवर याहून नेमकं काही लिहिलेलं नव्हतं.

दुसरा प्रश्न पावसाचा. होहला वर्षाला साधारण साडेतीन मीटर पाऊस पडतो, असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं. त्या आंबोलीच्या माहेरवाशीण! "आमच्याकडे याच्या दुप्पट," म्हणून मोकळ्या. खरंच आहे ते. फरक इतकाच की आंबोलीचा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. इथला ऑक्टोबर ते एप्रिल रिपरिप रिपरिप करत राहतो आणि उन्हाळ्यातही धुकं झाडांना ओलं ठेवतं. डोंगरांच्या पलीकडच्या सेक्विम गावी मात्र वर्षाला ४० सेंटीमीटरच्या आसपास. गाडीने दोन-अडीच तास!

येताना रस्त्यात एल्कांचा (मोठ्या हरणांचा) कळप उभा. वीस मिनिटं गाडी बंद करून बसलो. हॉर्न कोणीही वाजवला नाही, हे सासूबाई गावी गेल्यावर सगळ्यांना सांगतात.

उशिरा_निघालेला

गॅरिबाल्डी लेक, ब्रिटिश कोलंबियातलं. रबल क्रीकहून एका बाजूने ९ किलोमीटर, चढ ८०० मीटरच्या वर. सप्टेंबरअखेर, निघालो दुपारी एक वाजता. यातच सगळं आलं.

पहिले सहा किलोमीटर नुसती वळणं. दाट जंगल, देखावा शून्य. पाय विचारतात, कशासाठी? मग द बॅरिअर दिसतं: हजारो वर्षांपूर्वी लाव्हा उतरत आला, खालच्या दरीत हिमनदीचा बर्फ भरलेला होता, त्याला टेकून तो थिजला आणि भिंत झाली. त्या भिंतीमागे पाणी साठलं ते हे तळं, अडीचशे मीटरहून खोल. म्हणजे आपण एका धरणाच्या कडेने चढत असतो, जे कोणी बांधलेलं नाही आणि ज्याची दुरुस्ती कोणी करत नाही. १८५५-५६ च्या सुमारास त्याचा मोठा भाग कोसळलाही होता. तिथे 'इथे थांबू नका' अशी पाटी आहे. मी त्या पाटीखाली बसून सँडविच खाल्लं, नंतर वाचली.

तळ्याचा निळा रंग खोटा वाटतो. हिमनद्या दगडाचं पीठ करतात, ते पीठ पाण्यात तरंगतं आणि प्रकाश निळा-हिरवा परतवतं. पाच वाजले तरी मी त्या रंगाकडे बघत बसलेलो. उतरताना सात वाजता जंगलात काळोख. फोनचा टॉर्च लावला, थंडीने बॅटरी चाळीसवरून थेट शून्य. असा अंधार मी पाहिला नव्हता. हात डोळ्यांसमोर धरला तर दिसेना. बसून राहिलो. पाऊण तासाने तीन मुली हेडलॅम्प लावून गात गात उतरत आल्या (अस्वलांनी आवाज ऐकून दूर राहावं म्हणून गात होत्या), त्यांनी मला मधे घेतलं. खाली पोचेपर्यंत कोणीही 'तू दिवा का नाही आणलास' म्हणालं नाही. म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पाणपोई

@उशिरा_निघालेला, नवीन लोकांसाठी भर घालते: उन्हाळ्यात तिथे दिवसाचा पास लागतो. फुकट असतो, दोन दिवस आधी सकाळी सातला ऑनलाइन मिळतो आणि झटकन संपतो. कुत्रा नेता येत नाही. आणि अडकलात तर ९११ ला फोन करायला लाजू नका. ब्रिटिश कोलंबियातली शोधपथकं स्वयंसेवकांची आहेत, सुटकेचे पैसे घेत नाहीत. पैशांच्या भीतीने लोक उशिरा फोन करतात आणि मग फार उशीर होतो.

लाडूचोर

आम्ही ओझेट केलं, ऑलिम्पिक पार्कच्याच किनाऱ्यावरचं. लेक ओझेटपासून सीडरच्या फळ्यांवरून जंगलातून ५ किलोमीटर, मग समुद्राच्या काठाने ५, पुन्हा जंगलातून ५. त्रिकोण. मुलगी आठ वर्षांची. फळ्या ओल्या असल्या की साबण लावल्यासारख्या होतात. ती तीनदा पडली, मी पाचदा. काठावर वेडिंग रॉक्स नावाच्या खडकांवर माका या इथल्या मूळ रहिवाशांनी कोरलेले देवमासे आणि चेहरे आहेत. पाटी नाही, बाण नाही. मुलीलाच आधी दिसले. जवळच्या ओझेट गावावर काही शतकांपूर्वी दरड कोसळली आणि लाकडी घरं चिखलात जशीच्या तशी राहिली. १९७० च्या वादळाने ती उघडी पडली. त्यातल्या वस्तू निआ बेच्या संग्रहालयात आहेत. ट्रेलनंतर तिथे जाच.

मुक्काम किनाऱ्यावर. खाणं अस्वल-डब्यात ठेवायची सक्ती आहे, पण खरा चोर अस्वल नाही, रकून! सगळं डब्यात ठेवलं, फक्त पाच बेसनाचे लाडू मुलीच्या जॅकेटच्या खिशात राहिले. सकाळी खिसा फाटलेला. एक लाडू उरला होता, अर्धा खाल्लेला. बहुतेक वेलची आवडली नसावी.

खिंडीपलीकडे

चिलकूट ट्रेल, अलास्का ते कॅनडा, ५३ किलोमीटर, २०१९ मध्ये. अलास्कातल्या डाई इथल्या वर्षावनात सुरू होतो, खिंडीत दगड आणि बर्फ, पलीकडे लिंडेमन आणि बेनेट तळी. तीन दिवसांत तीन देश ओलांडल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात दोन. खिंडीतच सरहद्द आहे. १८९७-९८ च्या सोन्याच्या धावपळीत कॅनडाचे पोलीस वर्षभराची शिधासामग्री असल्याशिवाय पुढे सोडत नसत. म्हणजे जवळपास एक टन! लोक तोच चढ वीस-तीस वेळा चढले. त्यांनी टाकलेले बूट, डबे, गंजलेली यंत्रं अजून वाटेकडेला पडलेली आहेत, हात लावायला बंदी. एक बुटाचा तळवा बघितला, खिळे ठोकलेला, माझ्या मापाचा. तो पाहिल्यावर सॅकबद्दल तक्रार केली नाही. (दुसऱ्या दिवशी केली.)

पाणपोई

एवढे सगळे अनुभव आले, पण धागाकर्तीच्या नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही. बूट कोरडे कसे ठेवता?

चिखल्या

नाही ठेवत. मोज्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फक्त झोपण्यासाठी ठेवायचा. काहीही झालं, कितीही मोह झाला तरी तो घालून चालायचं नाही. सकाळी तो काढून ओले मोजे पुन्हा पायात घालणं हा त्या सात दिवसांतला सगळ्यात कठीण चढ होता.

दोन_काठ्या

सासूबाई विचारतायत, पिशवीला भोक पडलं तर?