चढाची मजा उताराइतकीच येते का? (सिंहगड, पसरणी)

नवा_घाटकरी

सपाटीवर ५०-६० किमी आरामात होतात. आता ग्रुपमध्ये सिंहगडाचा बेत ठरतोय. ग्रुपमधली जुनी मंडळी म्हणतात, चढ हीच खरी सायकलिंग, उतार म्हणजे नुसती परतीची वाट. मला हे पटत नाही. कात्रजच्या जुन्या घाटात चढताना मांड्या भरून येतात, श्वास फुलतो, नजर सारखी पुढच्या वळणावर. उतरायला लागलं की जीवात जीव येतो.

तर प्रश्न सरळ आहे. ज्यांची घाटात वर्षं गेली आहेत त्यांना चढ खरोखर आवडतो, की वर पोचल्याचं समाधान आवडतं? आणि चढच आवडत असेल तर ते नेमकं काय वेगळं करतात?

सायकल: रोडबाइक, रिम ब्रेक, पुढे ५०/३४ दातांच्या चकत्या, मागे ११ ते २८ दातांच्या (११-२८), ११ स्पीड, टायर ७००×२५. माझं वजन ७०, पाणी-पंपासकट सायकल १०.

सह्यसायकल

चढ आवडतो, पण गिअर पुरेसा हलका असेल तरच. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर '११-२८' या आकड्यात आहे.

गोळेवाडीच्या नाक्यापासून गडावरच्या पार्किंगपर्यंत साधारण ९ किमी रस्ता आणि ६०० मीटरच्या आसपास चढ. सरासरी साडेसहा-पावणेसात टक्के, म्हणजे १०० मीटर पुढे गेलात की पावणेसात मीटर वर. ८० किलोचं ओझं ६०० मीटर उचलायला सुमारे ४७० किलोज्यूल लागतात. टायरचं घर्षण, थोडी हवा आणि चेनमधला तोटा धरला की ५४० च्या जवळ जातं. तासाभरात वर जायचं असेल तर तासभर सलग १५० वॅट. नियमित चालवणाऱ्याला हे जमण्यासारखं आहे. वेग पडतो ताशी ९ किमी.

आता ३४-२८ गिअरवर (पुढे ३४, मागे २८ दात) ताशी ९ म्हणजे पायडलचे मिनिटाला ५८-५९ फेरे. हे अजून चालेल. पण सरासरी ही सरासरीच असते. मध्ये दहा टक्क्यांचा तुकडा आला की त्याच १५० वॅटमध्ये वेग सव्वासहावर येतो आणि फेरे ४१ वर. इथेच मांड्या भरतात. दम तोच असतो, ताकद तीच असते, पण प्रत्येक फेऱ्याला पायावर येणारा जोर जवळपास दीडपट होतो. म्हणून माणूस पायडलवर उभा राहतो, नाडी चढते, आणि पुढचा सोपा तुकडा आला तरी सावरता येत नाही. मागे ३४ ची चकती असेल तर तिथेच फेरे ५० राहतात आणि सरासरी चढावर ७०. ज्यांना चढाचं वेड आहे त्यांचे पाय ६५ ते ८० मध्ये फिरत असतात. बाहेरून बघणाऱ्याला ते 'ताकदवान' वाटतात, खरं तर ते हलक्या गिअरवर असतात.

गिअर बदलायची वेळही महत्त्वाची. ५० वरून ३४ वर यायचं ते चढ सुरू होण्याच्या वीस-पंचवीस मीटर आधी, पायाचा जोर कमी करून. चढावर पूर्ण जोर लावत पुढचा शिफ्टर दाबला तर चेन आत बॉटम ब्रॅकेटवर (पायडलच्या आसाजवळ) पडते, सायकल जागीच थांबते आणि क्लीट (बुटाची पायडलमधली पकड) सुटायच्या आत माणूस आडवा होतो. मागचे गिअर चढावर बदलता येतात, पण एका वेळी एकच, आणि बदलताना अर्धा फेरा पाय हलका ठेवून.

गिअरवाली

गिअरचं वर आलंच आहे, शरीराचं लिहिते.

घाट नासतो तो पहिल्या दोन किलोमीटरमध्ये. पाय ताजे असतात, ग्रुप सोबत असतो, पहिला चढ १५० ऐवजी २२० वॅटने होऊन जातो आणि त्याची वसुली पुढचे सात किलोमीटर चालते. वॅट मोजणारं मीटर नसेल तर बोलून बघा. एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं तर वेग बरोबर आहे. दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागला तर एक गिअर हलका करा, ग्रुप पुढे गेला तरी चालेल. चढावर एकमेकांच्या मागे लपून फारसा फायदा मिळत नाही, कारण ताशी नऊला हवेचा अडथळा नगण्य असतो. म्हणून घाटात प्रत्येकाने आपापल्या लयीत जावं आणि वर भेटावं. चढाची गोडी लागते ती या लयीची. श्वास आणि पाय एकात एक बसतात, दोन-तीन फेऱ्यांना एक श्वास, आणि मग किलोमीटर मोजायचं भान राहत नाही. सपाटीवर सिग्नल, वारा, खड्डे ही लय तोडत राहतात. घाटात ती वीस-वीस मिनिटं टिकते. उतारावर असं काही नसतं, तिथे सगळं लक्ष बाहेर असतं.

बसायची पद्धत: हात हँडलच्या वरच्या आडव्या भागावर किंवा हुडवर (ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठीवर), कोपर सैल, खांदे कानापासून लांब. आठ-नऊ टक्क्यांच्या वर सीटवर दोन बोटं पुढे सरका, म्हणजे पुढचं चाक हलकं होत नाही. दर पाच-सात मिनिटांनी वीसेक फेरे उभं राहून मारा, पाठ मोकळी होते. उभं राहण्याआधी मागे एक-दोन गिअर जड करा, नाहीतर पाय खाली धपकन जातो आणि सायकल मागे हिसका खाते. मागून कोणी चिकटून येत असेल तर तो तुमच्या मागच्या चाकावर आदळतो.

गुडघ्याची पुढची बाजू दुखत असेल तर दोनच गोष्टी तपासा: फेरे ५० च्या खाली जातात का, आणि सीट खाली आहे का. टाच पायडलवर ठेवून पायडल सगळ्यात खाली आणा, पाय सरळ व्हायला हवा. चवड्यावर आलात की गुडघ्याला आपोआप हवा तेवढा बाक येतो. गुडघ्याच्या मागे दुखत असेल तर बहुतेक सीट जास्त वर आहे.

पाणी तासाला ५०० ते ७५० मिली. चढावर अंगाला वारा लागत नाही, त्यामुळे घाम वाळत नाही, नुसता ठिबकतो. सपाटीच्या अंदाजाने पाणी घेतलं तर कमी पडतं. मार्चनंतर एका बाटलीत ओआरएस ठेवा. पुण्यातून निघून गोळेवाडीला पोचेपर्यंत तास-सव्वा तास गेलेला असतो, म्हणून नाक्याच्या आधीच एक केळं खा, त्यातून पंचवीसेक ग्रॅम कर्बोदकं मिळतात. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही वर गेल्यावर. पण पोटभर जेवून लगेच उतारावर वाकून बसू नका, अर्धा तास जाऊ द्या.

उतारप्रेमी

उताराला 'परतीची वाट' म्हणणं मला अजिबात मान्य नाही. उतार हे कसब आहे आणि त्याची मजा ते कसब आल्यावरच येते. सध्या तुम्हाला जे वाटतं ती सुटकेची भावना आहे.

वरचाच हिशोब उलटा करतो. त्याच रस्त्यावर ब्रेक न लावता सोडलं तर ८० किलोला वेग ताशी ५० च्या आसपास जाऊन स्थिरावतो. तुम्ही तो ३० वर धरून ठेवलात तर दोन्ही ब्रेक मिळून साधारण २५० वॅट उष्णता रिममध्ये ओतत असतात. चढताना तुम्ही स्वतः १५० दिले होते! दहा टक्क्यांच्या तुकड्यावर हाच आकडा ४८० पर्यंत जातो. म्हणून सारखा हलका ब्रेक दाबून उतरणं सगळ्यात वाईट. रिम थंड व्हायला वेळच मिळत नाही, पॅड चकचकीत होतात आणि पकड कमी होते. सरळ तुकड्यावर दोन-तीन सेकंद नीट दाबा, पूर्ण सोडा, पुन्हा दाबा. दोन्ही ब्रेक वापरा, जोर पुढच्यावर जास्त, आणि दाबताना अंग मागे. हात ड्रॉपमध्ये (हँडलच्या खालच्या बाकात), दोन बोटं लिव्हरवर. हुडवरून दाबलं तर बोटं आखडतात आणि नेमक्या गरजेच्या वेळी जोर येत नाही.

वळण: वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक सोडलेला. बाहेरचा पाय खाली, त्यावर वजन. डावीकडचं वळण असेल तर उजवा पाय खाली. नजर चाकासमोर नको, वळण जिथे संपतं तिथे. आपल्याकडे धोका डाव्या वळणात जास्त, कारण वेग जास्त झाला की सायकल रस्त्याच्या मधोमध जाते आणि समोरून ओव्हरटेक करत जीप येत असते. उजव्या वळणात तुम्ही दरीच्या किंवा डोंगराच्या कडेला असता आणि तिथे खडी साचलेली असते. पावसाळ्यानंतर हेअरपिनच्या (उलटं फिरवणाऱ्या वळणाच्या) आतल्या कोपऱ्यात पाण्याने वाहून आलेली बारीक वाळू नुसती पसरलेली दिसते, डांबराच्याच रंगाची. टायर त्यावर गेला की झुकायचं नाही, ब्रेक लावायचा नाही, सायकल सरळ करून जाऊ द्यायची.

निघण्याआधी पॅड बाहेर काढून बघा. त्यात रिमचे चकाकणारे ॲल्युमिनियमचे कण रुतलेले असतात, सुईने काढा. ते राहिले तर रिम खरवडतं. रिमवरची बारीक खाच किंवा खड्डा ही झिजेची खूण आहे. ती पुसली गेली असेल तर रिम बदला, घाटात नेऊ नका. २५ च्या टायरला तुमच्या वजनाला मागे ८५-९०, पुढे ८० पीएसआय पुरे. ११० भरून सायकल वळणात उसळते. वेगात हँडल थरथरू लागलं तर घट्ट आवळू नका, गुडघा आडव्या नळीला टेकवा आणि मागचा ब्रेक हळू लावा.

आणि विंडचीटर न्याच. डिसेंबरात घामाने भिजलेल्या जर्सीवर ताशी चाळीसचं वारं लागलं की पाच मिनिटांत बोटं बधिर होतात. युरोपात घाटमाथ्यावर रेसर जर्सीत छातीवर वर्तमानपत्र घालायचे ते यासाठीच. गडावर रद्दीचा एक कागद सहज मिळतो, काम तेवढंच करतो.

नवा_घाटकरी

सगळ्यांचे आभार. कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदलायची ठरवतोय. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) शिमानो १०५, आर७०००, आखूड केजचा, म्हणजे पुल्यांची चौकट आखूड. ११-३४ सरळ बसेल का? दुकानात एक म्हणतो बसेल, दुसरा म्हणतो नाही.

स्पोक_की

आखूड केजच्या आर७००० ला कंपनीची मर्यादा ३० दात. त्यावर ३४ ओढूनताणून बसवली तर वरची पुली कॅसेटला घासते. लांब केजचा ३४ पर्यंत चालतो. तुमच्याकडे दोन रस्ते: त्याच डिरेलरवर ११-३० (दहा टक्क्यांच्या चढावर ४१ चे ४४ फेरे, फरक थोडाच), किंवा लांब केजचा डिरेलर घेऊन ११-३४. घाट नियमित करणार असाल तर दुसराच.

११-३४ ची ११ स्पीड कॅसेट ११ स्पीड रोड हबवर बसवताना मागे १.८५ मिमीचा स्पेसर (अंतर भरणारी कडी) लागतो. तो विसरला तर लॉकरिंग (कॅसेट धरून ठेवणारी कडी) घट्ट होऊनही कॅसेट डुलते. लॉकरिंग ४० न्यूटन-मीटर. चेन नवीन घ्या आणि जुन्या मापाने तोडू नका: मोठ्या-मोठ्या चकतीवरून, डिरेलरमधून न घेता, गुंडाळा आणि किमान दोन कड्या जास्त ठेवा. लहान पडली तर पुढे ५०, मागे ३४ चुकून लागल्यावर डिरेलर उपटला जातो. जुनी चेन ०.५ टक्के ताणली असेल आणि तीच नव्या कॅसेटवर ठेवली तर कॅसेटचे दात लवकर झिजवते. शेवटी सगळ्यात मोठ्या चकतीवर असताना बी-स्क्रू फिरवून वरची पुली आणि चकती यांत ५-६ मिमी अंतर ठेवा, आणि आतल्या बाजूचा लिमिट स्क्रू पुन्हा तपासा. तो ढिला राहिला तर चेन स्पोकमध्ये जाते.

सह्यसायकल

मूळ प्रश्नावर एक राहिलं. तुर द फ्रान्समध्ये चढणाऱ्यांची वेगळी क्रमवारी १९३३ पासून आहे, लाल ठिपक्यांची जर्सी १९७५ पासून. उतरणाऱ्यांना अशी जर्सी नाही. उतारप्रेमी म्हणतात ते कसब मला मान्य आहे, पण उतारावर दोन स्वारांतला फरक बराचसा वजन, रस्ता आणि धाडस यांचा असतो. चढावर तो मोजता येतो: तासाला किती मीटर वर गेलात. तुम्ही सिंहगड तासात केलात तर ६००. तुर द फ्रान्समधले अव्वल १६०० च्या पुढे जातात. तोच घाट, तीच सायकल, दोन महिन्यांनी ६०० चे ६८० झाले तर ते फक्त तुमचं असतं. याच ओढीने लोक एकाच चढावर एव्हरेस्टइतके ८,८४८ मीटर पूर्ण करतात. सिंहगडावर त्याच्या पंधरा फेऱ्या होतात.

गिअरवाली

मी इथे थोडी वेगळी. मोजणं सुरू झालं की माझ्या मते लय तुटते. पहिल्या तीन-चार वेळा घड्याळ खिशात ठेवा.

आणि सुरुवात सिंहगडाऐवजी पसरणी घाटाने करा. वाईपासून पाचगणी साधारण १२ किमी, चढ पाचशे मीटरहून थोडा जास्त, म्हणजे पाच टक्क्यांच्या आत. ताशी बारा वेगाने गेलात तर ३४-२८ वरसुद्धा ७५ च्या वर फेरे मिळतात, कॅसेट येईपर्यंत थांबायला नको. सिंहगडावर अंगाशी येणारे तीव्र तुकडे इथे फारसे नाहीत आणि खाली धोमचं पाणी दिसत राहतं. सकाळी सहाला वाईतून निघा, नंतर पर्यटकांच्या गाड्या वाढतात. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. उतरताना वळणाआधी आरसा नसेल तर खांद्यावरून एकदा मागे बघूनच रस्त्याच्या मध्ये या.

नवा_घाटकरी

पसरणी नक्की. लांब केजचा डिरेलर आणि ११-३४ मागवले. पॅडमधून सुईने तेरा कण निघाले, डाव्या पुढच्या पॅडमध्ये एक तांदळाच्या कणीएवढा.