माळावरचे भुंगेरे वर्षभर मोजायचे आहेत: दिवा घेऊ की पेले?

माणदेशी_माळ: माण तालुक्यात आमची थोडी पड जमीन आहे. वर गवताळ माळ, मध्ये बाभळी, खाली वाळूचा ओढा. वळीव पडला की अंगणातला बल्ब भुंगेऱ्यांनी झाकून जातो. मार्चमध्ये शोधून सापडत नाहीत. कुठल्या महिन्यात, कुठल्या जागी, कोणते, याची नोंद ठेवायची आहे. सगळं धरून २,५०० रुपये आहेत. काय घेऊ?

सांजदिवा: मर्क्युरी बल्ब, पांढरी चादर, छोटा जनरेटर. मी २२,००० ला घेतला, एकदाही पस्तावलो नाही. फक्त पौर्णिमा टाळा, चांदण्यात दिव्यावर फार कमी येतात.

ऊसवाला: जूनमध्ये दिव्यावर येते ती बरीचशी हुमणी. अंधार पडताना जमिनीतून निघते, कडुनिंब-बाभळीचा पाला खाते. आमचा अर्धा एकर ऊस तिच्या अळ्यांनी वाळवला. मोजत काय बसताय, फांद्या झोडपा आणि रॉकेलच्या पाण्यात टाका.

भिंगवाला: आधी कॅमेरा. मॅक्रो लेन्सशिवाय ओळख पटत नाही. जुना घेतलात तर ४०,००० मध्ये बसेल.

आजोळ: मृगाचा किडा विसरू नका! लाल मखमल नुसती.

भिंगवाला: तो भुंगेरा नाही, कीटकही नाही. आठ पाय असतात, कोळ्याच्या नात्यातला.

आजोळ: आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या किडाच म्हणतात.

खड्डेवाली: ताई/दादा, दिव्यावर फक्त उडणारे येतात. माळावरच्या काळ्या डार्कलिंग भुंगेऱ्यांतल्या अनेकांना उडताच येत नाही. पाठीवरची कवचं सांधलेली असतात, त्याने अंगातलं पाणी टिकतं. भर उन्हाळ्यात दगड उलटला की भेटतात ते हेच. त्यांच्यासाठी प्लास्टिकचे पेले जमिनीत पुरा, काठ मातीशी अगदी सपाट. गवत, बाभळी, ओढा, प्रत्येक जागी दहा-दहा, दहा मीटर अंतराने, दर महिन्याला तेवढ्याच रात्री. पावसाळ्यात वर चपटा दगड टेकवा. आणि पेल्यात पडतो तो *फिरणारा* भुंगेरा. दाट गवतात ते अडतात, म्हणून कमी पडले म्हणजे कमी आहेत असं धरू नका. शेणकिड्यांसाठी ताजं शेण ठेवा, पावसाळ्यात झुंबड उडते.

कोरडवाहू: पडलेले भुंगेरे मारून टिकवायला पेल्यात गाडीचं कूलंट घालू नका. मी घातलं होतं. चव गोड असते, धनगराची कुत्री प्यायली आणि दगावली. तीन वर्षं झाली, अजून त्या वाटेने जाववत नाही.

सांजदिवा: पेले ठीक, पण जनरेटर घ्याच.

ऊसवाला: सप्टेंबरात बाजरीच्या कणसावरचे हिंगे भुंगेरे हाताने धरू नका, फोड येतात.

भिंगवाला: सहा पांढऱ्या ठिपक्यांचा मोठा काळा भुंगेरा दिसला तर तोंड जवळ नेऊ नका, आम्ल फवारतो. माझा डोळा दिवसभर चुरचुरत होता.

माणदेशी_माळ: सगळ्यांचे आभार. (ताई आहे.) दिवा घेत नाही, कॅमेराही नाही. पेले पुरणार, पण कोरडे, तळाशी मूठभर पाला. मारून मोजायला मन धजत नाही. उजाडताच बघायचं, मोबाइलवर फोटो, जागच्या जागी सोडायचं. दर अमावास्येला एक रात्र, उन्हाळ्यातही.

खड्डेवाली: कोरड्या पेल्यात मोठा छोट्याला खातो. आकडे बिघडतील.

माणदेशी_माळ: मग रात्री दोनदा उठेन. डोक्यावरची बॅटरी आणि तीस पेले आज आणले, ६४० रुपये झाले. येत्या अमावास्येला पहिली रात्र.