फिलिपिन्स रील्समध्ये बुडालं, ते हौसेने की दुसरं काही उरलं नाही म्हणून?

मकातीकर

नोकरीनिमित्त मनिलात राहतो. घरी फोन केला की इथल्या टिकटॉकवेडाबद्दल ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं, "ते लोक नाचगाण्याचे शौकीनच, त्यांना काय!" मला हे पटत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

मुळात इथला गरीब माणूस इंटरनेट पुडीतल्या शाम्पूसारखं विकत घेतो. बहुतेक सगळे प्रीपेड. एक दिवसाचा, तीन दिवसांचा, आठवड्याचा पॅक, आणि त्यात व्हिडिओ ॲपसाठी वेगळा कोटा. तोही परवडला नाही तर गल्लीतल्या सारी-सारी दुकानाबाहेर (आपली किराणा टपरी समजा) पिसो वायफायचा डबा टांगलेला असतो. एक पेसोचं नाणं टाका, काही मिनिटं घ्या. संध्याकाळी त्या डब्याखाली पोरं उकिडवी बसलेली असतात. पडद्यावर उलटी गिनती चालू असते. शेवटच्या मिनिटात कोण लेख वाचत बसेल?

त्याआधीची गोष्ट अजून गमतीची. 2013 पासून इथल्या मोबाइल कंपन्यांनी फेसबुक फुकट द्यायला सुरुवात केली. फुकटात दिसायची ती नुसती अक्षरं. फोटो पाहायचा किंवा बातमीची लिंक उघडायची तर पैसे. म्हणजे मथळा फुकट आणि बातमी विकत! लोकांना मथळ्यावर मत बनवायची सवय तिथून लागली. आपल्याकडे ट्रायने फेब्रुवारी 2016 मध्ये हा प्रकार अडवला, इथे कुणी अडवला नाही.

मग आलं 2020. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या त्या पूर्णपणे भरायला नोव्हेंबर 2022 उजाडला. मुलांना छापील गठ्ठे घरपोच, की बसा सोडवत. त्याच वर्षी 5 मे रोजी देशातली सगळ्यात मोठी वाहिनी एबीएस-सीबीएन बंद करायला लावली आणि 10 जुलैला संसदेच्या समितीने 70 विरुद्ध 11 मतांनी तिचा परवाना नाकारला. ऑगस्टअखेर तिची प्रादेशिक बातमीपत्रं गेली. तिची सेबुआनो, बिकोलानोसारख्या स्थानिक भाषांतली संध्याकाळची बातमी संपली. अँटेनावर टीव्ही पाहणाऱ्या कित्येक गावांत धड येणारी ती एवढीच वाहिनी होती.

पोरं घरात, टीव्हीवर मुंग्या, खिशात व्हिडिओचा स्वस्त कोटा. टिकटॉकला फार कष्ट पडले नाहीत. याची किंमत मे 2022 च्या निवडणुकीत, जुन्या हुकूमशहा मार्कोसचा मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा, वसूल झाली, असं माझं स्पष्ट मत आहे. थोरल्या मार्कोसच्या लष्करी कायद्याचा काळ 'सुवर्णयुग' होता हे सांगणाऱ्या क्लिपांनी तरुणांचे फोन भरले होते.

ताकभात

धागा चांगला, पण कार्यकारणभाव उलटा लावलाय. सोशल मीडियावर रोज सर्वाधिक वेळ घालवणाऱ्यांच्या जागतिक यादीत फिलिपिनो 2020 च्या कितीतरी आधीपासून पहिल्या नंबरावर होते. 2021 च्या अहवालात आकडा सव्वाचार तासांचा होता, 2019 च्या अहवालातही जवळपास तेवढाच. त्याआधी फ्रेंडस्टर ही फेसबुकसारखी जुनी साइट होती, त्याआधी एसएमएस. कुठे टीव्ही बंद पडला होता तेव्हा?

शाळांचंही तेच. पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत वाचनात 79 देशांत शेवटचा नंबर आला तो 2018 मध्ये. तेव्हा शाळा रोज भरत होत्या. पोरांना वाचता येत नव्हतं म्हणून ती व्हिडिओकडे गेली असं म्हणा, ऐकून घेईन.

मकातीकर

@ताकभात, सव्वाचार तास हा सगळ्या सोशल मीडियाचा आकडा आहे, छोट्या व्हिडिओंचा नाही. वेळ तेवढाच राहिला आणि आतला माल बदलला, हाच तर मुद्दा. फेसबुकवर निदान मावशीने, वर्गमित्राने, पाद्रीबुवांनी शेअर केलेलं दिसायचं. मावशीला उलट विचारता यायचं. इथे कोण दाखवतंय तेच माहीत नाही. तुम्ही कुठे किती सेकंद थबकलात यावर पुढचा व्हिडिओ ठरतो. एकदा कुतूहलाने मार्कोसच्या काळातल्या पुलांचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलात की दिवसभर पूल, दवाखाने आणि मार्कोसच्या बायकोचे, इमेल्डाबाईंचे गाऊन.

पिसाचा मुद्दा मान्य. माझं म्हणणं त्याने पडत नाही, उलट आणखी जुनं होतं.

खवचट_काकू

आपल्याकडे 29 जून 2020 ला टिकटॉकसकट 59 ॲपांवर बंदी आली. मग देशभर ग्रंथालयांबाहेर रांगा लागल्या असतील नाही? आमच्या सोसायटीत तरी दिसल्या नाहीत. पुढच्याच महिन्यात रील्स हजर, सप्टेंबरात शॉर्ट्स. भाडेकरू तेच, घरमालक बदलला. गावाकडची जी पोरं टिकटॉकवर चार पैसे कमवत होती त्यांचं खातं मात्र एका रात्रीत गेलं. त्यांच्यातली किती इन्स्टावर पुन्हा उभी राहिली? तिथे गोऱ्यागोमट्या शहरी चेहऱ्यांची आधीच गर्दी.

दावाओकर

मी इथे दावाओत एमबीबीएसला आहे. आमच्या बॅचला महाराष्ट्रातली बरीच मुलं आहेत. मकातीकर काका, तुम्ही मनिलातून बघताय हो, त्यामुळे तुम्हाला टीव्ही गेल्याचं दुःख. इकडे दक्षिणेत, मिंडानाव बेटावर विचारा.

त्या टीव्हीवर आमची इकडची भाषा, बिसाया, बोलणारं पात्र कोण असायचं? मोलकरीण, ड्रायव्हर, नाहीतर विनोदी नोकर. उच्चारावर हशा. सगळं मनिलात ठरायचं आणि मनिलाच्या भाषेत, टागालोगमध्ये यायचं. आज दावाओ-सेबूची पोरं बिसायातच बोलतात, त्यातच शिव्या देतात, आणि मनिलाची मंडळी खाली कॉमेंटमध्ये अर्थ विचारतात. बुडोट्स हे नाव ऐकलंय? दावाओच्या वस्त्यांतलं कर्कश नाचाचं संगीत, डीजे लव्ह हा त्याचा मूळपुरुष. वर्षानुवर्षं त्याला गटारातलं म्हणून हिणवलं. टिकटॉकने ते जगभर नेलं.

आणि पोटापाण्याचं काय? माझ्या घरमालकिणीची लेक रात्री लाइव्ह लावून जुने कपडे विकते, उकाय-उकाय म्हणतात. भिंतीला गोल दिवा, शेजारी कपड्यांचा ढीग. एक ब्लाउज कॅमेऱ्यासमोर ताणून धरते, शिवण दाखवते, डाग असेल तर डागही दाखवते, किंमत ओरडते. जी आधी "माइन" लिहील तिचा तो. मध्येच थांबून भात ढवळून येते, गिऱ्हाइकं थांबतात. एप्रिल 2022 मध्ये टिकटॉक शॉप आल्यापासून जोडीला दुसऱ्यांचा मालही विकते. व्हिडिओखाली पिवळी टोपली असते, त्यातून कुणी घेतलं की हिला कमिशन. दोन पोरं आहेत, नवरा जहाजावर. तिला जाऊन सांगा, बाई, तुला ढकललं गेलंय.

ताकभात

अगदी. शिवाय टीव्ही म्हणजे सोवळ्यातलं माध्यम होतं हा गैरसमज काढून टाका. 2019 च्या सिनेटच्या निवडणुकीत बाँग रेव्हिला नावाच्या नटाने जाहिरात केली होती. भ्रष्टाचाराच्या खटल्यात चार वर्षं आत काढून नुकताच सुटलेला गडी. जाहिरातीत काय आश्वासन? काही नाही. बुडोट्सवर नुसता नाचला. निवडून आला! ही जाहिरात टीव्हीवर लागायची बरं का.

संध्या_पुणे

दावाओकर, घरमालकिणीच्या लेकीचं कौतुकच आहे. पण ती कमिशन मिळवते ते कुणाच्या खिशातून? समोर तिच्यासारखीच कुणीतरी बाई रात्री अकरा वाजता नको असलेली तिसरी लिपस्टिक मागवत असते. या प्रकाराला तिथले लोक स्वतःच हसत 'बुडोल' म्हणतात, म्हणजे गंडवणूक.

मला जास्त काळजी राजकारणाची आहे. टिकटॉकने पैसे घेऊन राजकीय जाहिराती दाखवणं 2019 मध्येच बंद केलं. कागदावर छान. त्यामुळे झालं असं की प्रचार जाहिरात म्हणून येईनासा झाला. तो गाण्याच्या, विनोदाच्या, 'आजोबा सांगायचे' छापाच्या व्हिडिओतून आला. जाहिरातीवर निदान नाव असतं, खर्चाचा हिशोब मागता येतो. इथे कुणाला मागणार? टॅलानो सोन्याची कथा बघा. म्हणे टॅलानो नावाच्या राजघराण्याने थोरल्या मार्कोसला टनावारी सोनं दिलं आणि मुलगा निवडून आला की ते जनतेत वाटणार. ना ते राजघराणं होतं, ना ते सोनं. रॅप्लर, व्हेरा फाइल्स या तिथल्या वृत्तसंस्थांनी पुराव्यानिशी खोडून काढलं. रॅप्लरच्या मारिया रेसांना 2021 चं शांततेचं नोबेल मिळालं. पण खुलासा वाचायला पाच मिनिटं लागतात आणि पिसो वायफायवर पाच मिनिटं म्हणजे काय हे मकातीकरांनी वर सांगितलंच आहे.

नाणेघाट

सगळं खापर 2020 नंतरच्या ॲपवर फोडताय म्हणून लिहितोय. थोरला मार्कोस 1986 मध्ये पळाला, 1989 मध्ये हवाईत वारला, आणि 1991 मध्ये कुटुंब परत आलं. पुढच्याच वर्षी इमेल्डा राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या आणि धाकटा संसदेत! 1995 मध्ये त्याही निवडून आल्या. 2010 मध्ये धाकटा सिनेटर. 2016 मध्ये उपराष्ट्राध्यक्षपद अवघ्या 2 लाख 63 हजारांच्या आसपास मतांनी हुकलं, तेव्हा टिकटॉक तिथे पोहोचलंही नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेंनी थोरल्याला वीरांच्या दफनभूमीत जागा दिली. 2022 ला दुतेर्तेंची मुलगी सारा धाकट्याच्या जोडीला आल्या, म्हणजे उत्तरेचा इलोकोस आणि दक्षिणेचा मिंडानाव एका तिकिटावर. धाकट्याला 3 कोटी 16 लाख मतं आणि प्रतिस्पर्धी रोब्रेदोबाईंना दीड कोटी. दुपटीहून जास्तीचा हा फरक पंधरा सेकंदांच्या क्लिपांनी पडतो?

त्या लोकांनी 36 वर्षं एकालाही धड शिक्षा भोगायला लावली नाही, त्याचं हे बिल आहे.

मकातीकर

@नाणेघाट, इतिहास बिनतोड आहे, पण 1991 ते 2016 मध्ये मार्कोसला मानणारे होते ते बरेचसे इलोकोसचे आणि जुन्या पिढीतले. 2022 मध्ये लष्करी कायदा न पाहिलेली विशी-पंचविशीतली पोरं ती भाषा बोलायला लागली. माझ्या ऑफिसात आहेत अशी, हुशार, इंग्रजी फाडफाड. ही माहिती कुठून, विचारलं तर पुस्तकाचं नाव एकालाही सांगता येत नाही, फोन पुढे करतात. शाळेतल्या पुस्तकांत तो काळ कसाबसा उरकलेला, हेही खरं.

खवचट_काकू

आपल्याकडे फोन पुढे करत नाहीत वाटतं? आमच्या कौटुंबिक ग्रुपवर या, इतिहासाचे पन्नास प्राध्यापक भेटतील.

दावाओकर

संध्याताई, दुसरी बाजू पण सांगा ना. 2025 मध्ये पूरनियंत्रणाच्या कामांचा घोटाळा निघाला. बंधारे कागदावर आणि लोक छातीभर पाण्यात. तेव्हा कंत्राटदारांच्या आणि नेत्यांच्या मुलांचे जुने व्हिडिओ कुणी शोधून काढले? याच पोरांनी. परदेशवाऱ्या, पर्सा, गाड्या, आणि त्याला जोडून पुरातलं गाव. 21 सप्टेंबरला मनिलात मोर्चे निघाले. तारीखही लष्करी कायद्याच्या घोषणेची! ज्या ॲपने सुवर्णयुग विकलं म्हणता त्याच ॲपने ही तारीख माझ्या वर्गातल्या सगळ्यांना पाठ करून दिली.

एक मात्र मान्य करतो. मार्च 2025 मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेंना अटक करून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे नेलं तेव्हा दावाओत आमचे फोन बघण्यासारखे होते. रोज कुणीतरी शपथेवर सांगायचं, उद्या सुटणार. मेसवाल्या काकू खरं मानून नैवेद्यासारखं जास्तीचं शिजवायच्या.

संध्या_पुणे

पर्सा शोधणं सोपं आहे, दावाओकर, पर्स चित्रात दिसते. कंत्राट कुणी कुणाला दिलं, सही कुणाची, ते कागदात असतं. ते काम तिथल्या पत्रकारांनी आणि लेखापरीक्षकांनी केलं. पोरांनी त्याला गर्दी मिळवून दिली, हे नाकारत नाही. पण पत्रकारच नसतील तर गर्दी कशामागे जमणार?

ताकभात

@मकातीकर, एक राहिलंच. एबीएस-सीबीएनचे कार्यक्रम आता पुन्हा दिसतात असं ऐकलं. मग तुमची रिकामी जागा भरली की!

मकातीकर

कार्यक्रम दिसतात ते दुसऱ्यांच्या वाहिन्यांवर वेळ घेऊन. मालिका आल्या, पण 2020 मध्ये बंद केलेली प्रादेशिक बातमीपत्रं काही त्यांच्याबरोबर आली नाहीत. तिची मनिलातली जुनी वारंवारिता जानेवारी 2022 मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, माजी सिनेटर मॅन्युएल व्हिलार यांच्या कंपनीला दिली गेली. देशातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एक, धंदा मुख्यतः घरबांधणीचा. बायको तेव्हा सिनेटर, लेक प्रतिनिधिगृहात, आणि मुलगा दुतेर्तेंचा बांधकाममंत्री राहून नुकताच सिनेटच्या प्रचाराला निघालेला. जागा भरली, ताकभात. कुणी भरली ते बघा आणि मग बोलू.