‘दुकानदाराने माल विकावा, कायदा सीएने वाचावा’ – हे मला अजिबात पटत नाही

हार्डवेअरवाला_सांगली:
काल इथे कुणीतरी वरचं वाक्य लिहिलं. रात्रभर डोक्यातून गेलं नाही. अहो, कायदा जागेवरच असतो, अधिसूचना सरकतात. जीएसटीत ई-इन्व्हॉइसची, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या सक्तीची, उलाढालीची मर्यादा ऑक्टोबर 2020 मध्ये 500 कोटी होती. मग 100, 50, 20, 10, आणि 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटी! माझी उलाढाल आता चार कोटींच्या आत, म्हणून निवांत होतो. पण 2017-18 पासूनच्या कुठल्याही एका वर्षी मर्यादा ओलांडली असेल तरी लागू, असं अधिसूचनेत आहे. 2018-19 ला माझे 5 कोटी 40 लाख झाले होते. नियम 48(5) प्रमाणे माझी सात महिन्यांची बिलं बिलंच ठरली नाहीत. बारा वर्षं माझं गिऱ्हाईक असलेला ठेकेदार त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकलं म्हणून सोडून गेला.

करसल्लागार_पुणे:
ते मीच लिहिलं, आणि मागे घेत नाही. तुम्ही मार्चअखेरीला पिशवीभर बिलं आणून टाकता. जुना आकडा विचारला की ‘बघून सांगतो’. कलम 36 प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपायचे असतात. किती जण जपतात?

हार्डवेअरवाला_सांगली:
माझी विवरणपत्रं तेव्हापासून एकाच सल्लागाराने भरली. आकडा त्याच्याच कपाटात होता!

कोष्टी_इचलकरंजी:
वाचा म्हणता, पण कुठल्या भाषेत? 1963 च्या राजभाषा कायद्याने केंद्राच्या अधिसूचना हिंदी-इंग्रजीत निघतात. माझे वडील मराठी सातवी शिकलेले, पन्नास वर्षं माग चालवला. त्यांच्या हातात ‘परंतु यह और कि’ असली हिंदी द्यायची आणि दंडही त्यांनाच?

वकील_नागपूर:
राजपत्रात आलं की माहीत आहे असंच धरतात. 1951 च्या ‘हरला विरुद्ध राजस्थान’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, कारण जयपूरचा अफूचा कायदा प्रसिद्धच केला नव्हता. पण एकदा प्रसिद्ध झाला की भाषा कळत नाही ही सबब चालत नाही.

कोष्टी_इचलकरंजी:
सबब? जीभ सांभाळा, वकीलसाहेब. छापलं आणि पोचलं यात फरक असतो, तो मागावर बसणाऱ्याला विचारा.

मसालेवाली_कोल्हापूर:
भांडू नका. मी एक वही ठेवते: अधिसूचनेचा क्रमांक, तारीख, लागू कधीपासून, आपल्याला लागू की नाही, आणि नसेल तर का नाही. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते ‘का’ पुढच्या वर्षी बदलतं. नियम 36(4) बघा. पुरवठादाराने न दाखवलेल्या बिलांवर ऑक्टोबर 2019 ला 20 टक्के जास्तीचं क्रेडिट मिळायचं. मग 10, मग 5, आणि जानेवारी 2022 पासून शून्य. वहीमुळे दर वेळी वेळेत कळलं. आणि दादा, मीही दहावीच आहे. भाचा वाचून दाखवतो, मी लिहिते.

कोष्टी_इचलकरंजी:
ताई, तुम्हाला भाचा आहे. ज्याला नाही त्याने काय करायचं?

करसल्लागार_पुणे:
हा प्रश्न मात्र टोचला. बरं, या महिन्यापासून प्रत्येक बदलाच्या चार ओळी मराठीत माझ्या गिऱ्हाइकांना पाठवीन. पण पिशव्या आणायच्या नाहीत, दरमहा वही आणायची.

कोष्टी_इचलकरंजी:
चार ओळींत क्रमांक आणि तारीख घाला. मूळ कागद मला माझ्या डोळ्यांनी बघायचा आहे.