मदत हवी आहे: पुण्यातल्या जुन्या हायस्कूलांचा इतिहास

नमस्कार मंडळी, पुण्यातल्या सरकारी आणि खाजगी हायस्कूलांची एक टाइमलाइन बनवतोय, १८५४ च्या वूडच्या खलित्यापासून (कंपनी सरकारचं शिक्षणाबद्दलचं धोरणपत्र) पुढे, आणि गाडी वर्गीकरणातच अडकलीये. म्हणजे बघा, न्यू इंग्लिश स्कूल १८८० साली चिपळूणकर, टिळक, नामजोशींनी काढलं, ते खाजगी हे सरळ आहे. हुजूरपागा ही मुलींची शाळा १८८४ ची, तीही संस्थेचीच. पण खलित्यानंतर ग्रँट-इन-एड, म्हणजे खाजगी शाळांना सरकारी अनुदान द्यायची पद्धत, सुरू झाली, मग १८८२ च्या हंटर कमिशनने (सरकारने नेमलेला शिक्षण आयोग) तर सांगितलं की माध्यमिक शिक्षण शक्यतो खाजगी संस्थांकडे द्या आणि सरकारने अनुदान द्यावं. मग अनुदान घेणारी शाळा नक्की कुठल्या रकान्यात टाकायची? आपण आज सरसकट ‘खाजगी अनुदानित’ म्हणतो पण तेव्हाच्या कागदांत तसा शिक्का असेल असं नाही ना.

तर कोणी मुंबई इलाख्याचे शिक्षण खात्याचे वार्षिक रिपोर्ट वापरलेत का? त्यात शाळावार अनुदान आणि फीचे आकडे मिळतात की फक्त जिल्ह्याची बेरीज असते? पुणे पुराभिलेखागारात कुठली दफ्तरं मागायची तेही सांगा प्लीज. शाळांचे शताब्दी अंक चाळतोय, पण त्यात संस्थापकांचं गुणगान भरपूर आणि हिशोब नावाला, अर्थात सोहळ्याच्या अंकात दुसरं काय येणार म्हणा. कोणाकडे घरात पडलेले असे अंक असतील तर अनुक्रमणिकेचा फोटो टाकला तरी चालेल.