टीव्हीवर वायफायच्या कांड्या पूर्ण, तरी संध्याकाळी नेट तुटतं; मोबाइल त्याच जागी नीट चालतो

उंबरठा:

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हाला परत परत विचारावं लागणार नाही.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले. रोज संध्याकाळी साडेसहाला तिच्या फिजिओथेरपिस्ट ऑनलाइन व्यायाम घेतात, लाइव्ह. मोबाइलवर आईला नीट दिसत नाही, म्हणून मी ते टीव्हीवर लावून देते. खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा आणि बाईंचे पाच आकडे मोजून होईपर्यंत तसाच धरायचा, असा एक व्यायाम आहे. परवा आकडे 'तीन'वर थांबले, पडद्यावर गोल फिरायला लागलं, आणि आई पाय उचललेलाच धरून पुढच्या आकड्याची वाट बघत बसली. मी धावत जाऊन पाय खाली घ्यायला लावला तेव्हा तिची मांडी थरथरत होती. तेव्हापासून हे सुटल्याशिवाय मला चैन नाही.

आता टीव्हीचं. ४३ इंची, तीन वर्षांचा, भिंतीवर टांगलेला. राउटर पॅसेजमध्ये, अंतर साधारण सात मीटर, मध्ये एक विटांची भिंत आणि लाकडी कपाट. कनेक्शन १०० एमबीपीएसचं. टीव्हीच्या अगदी खाली उभं राहून मोबाइलवर मोजलं तर ऐंशीच्या वरच येतं. टीव्हीवर मात्र कांड्या पूर्ण दिसतात आणि खाली ओळ येते, 'वायफाय जोडलेलं आहे, इंटरनेट नाही'. दोन-तीन मिनिटांनी आपोआप सुरू होतं, पुन्हा जातं. सकाळी त्रास कमी, संध्याकाळी फार. सिनेमा लावला तर बऱ्यापैकी चालतो, लाइव्ह वर्गच अडकतो.

राउटरवर दोन नावं आहेत, एक साधं आणि एक शेवटी '५जी' असलेलं. मोबाइलला दोन्ही दिसतात, टीव्हीच्या यादीत फक्त साधं दिसतं. पूर्वी तिथेही दोन दिसायची असं मला वाटतं, पण खात्रीने सांगू शकत नाही.

राउटर बंद-चालू केला, पासवर्ड नव्याने टाकला, टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट केलं, शेवटी फॅक्टरी रीसेटही केला. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. हल्ली रिमोटसुद्धा एकदा दाबून ऐकत नाही, सेल बदलून पाहिले. टीव्हीच म्हातारा झाला का?

रात्रपाळी:

तीन वर्षांत टीव्ही म्हातारा होत नाही, बदलायची घाई करू नका. आधी सोप्या तीन गोष्टी बघून घ्या.

रिमोटने बंद केलेला टीव्ही खरा बंद नसतो, तो झोपलेला असतो. प्लग काढा, दोन मिनिटं थांबा, मग लावा. फॅक्टरी रीसेटपेक्षा आधी हे करायचं असतं.

दुसरं, तारीख आणि वेळ. माझ्या जुन्या टीव्हीवर नेमका हाच संदेश यायचा आणि मी दोन आठवडे राउटरवर राग काढत होतो. शेवटी बघितलं तर टीव्हीच्या घड्याळात कित्येक वर्षं मागची तारीख. सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र कधीपासून कधीपर्यंत वैध आहे हे टीव्ही स्वतःच्या घड्याळावरून ठरवतो. घड्याळ चुकलं की सगळी प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटतात आणि तो म्हणतो इंटरनेट नाही.

तिसरं, नेटवर्कच्या माहितीत आयपी अ‍ॅड्रेस बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने टीव्हीला पत्ता दिलेलाच नाही, टीव्हीने तो स्वतःच लावून घेतलाय. मग बाकी काही तपासण्यात अर्थ नाही, गडबड तिथेच आहे.

उंबरठा:

धन्यवाद. तिन्ही बघितलं. प्लग काढून पाच मिनिटं ठेवला, फरक नाही. तारीख-वेळ बरोबर आहे. पत्ता १९२.१६८.१.२३ असा आहे, म्हणजे १६९.२५४ वाला नाही. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय) बदलून १.१.१.१ टाकून बघितला, त्यानेही काही झालं नाही.

सरळरेषा:

ताई, वायर टाका आणि मोकळ्या व्हा. टीव्हीचा लॅन पोर्ट (नेटची वायर खोचायची जागा) बहुतेक वेळा १०० एमबीपीएसचाच असतो, म्हणून लोक नाक मुरडतात, पण ४के व्हिडिओलाही १५ ते २५ पुरतात. एकाच जागी टांगलेल्या वस्तूला वायफाय हवंच कशाला? माझ्या घरी टीव्ही वायरवर आहे, चार वर्षांत एकदाही नेट गेलेलं नाही.

उंबरठा:

पटतंय, पण आई वॉकर घेऊन चालते आणि वायर त्याच पॅसेजमधून न्यावी लागेल. छताकडून पट्टीत बसवून घ्यायची तर माणूस बोलवावा लागेल, ते पुढे करेनच. सध्या जमिनीवर एकही वायर मला नकोय.

तिसराकान:

प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही शेवटी जाता जाता जे लिहिलंय त्यावर माझं लक्ष आहे. रिमोट एका दाबात ऐकत नाही, सेल नवे. हा रिमोट टीव्हीकडे न धरता, उशीखालून दाबला तरी चालतो का? चालत असेल तर तो ब्लूटूथचा आहे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यात चालतं आणि तुमचं साध्या नावाचं वायफायही तिथेच. एकाच टीव्हीत दोघं एकदम आजारी पडले म्हणजे टीव्हीपाशीच कोणीतरी त्या पट्ट्यात गोंगाट करतंय, असा माझा संशय आहे. मायक्रोवेव्हही २.४५ वर चालतो, पण तो काही रोज संध्याकाळभर चालू नसणार.

म्हणून दोनच प्रश्न. टीव्हीच्या मागे काय काय खोचलेलं आहे? आणि हा त्रास नक्की कधीपासून सुरू झाला?

उंबरठा:

रिमोट उशीखालून चालतो, आत्ताच करून बघितलं.

मागे सेट टॉप बॉक्स, साउंडबार आणि एक पोर्टेबल हार्ड डिस्क आहे. डिस्कवर बाबांचे जुने व्हिडिओ आहेत, कॅसेटवरून उतरवून घेतलेले. ऑपरेशननंतर आई दिवसभर घरात बसून असायची, तिला विरंगुळा म्हणून मी ती लावून दिली. तेव्हापासून ती तिथेच आहे. म्हणजे सात आठवडे झाले.

हे लिहिताना लक्षात आलं, त्रासही साधारण तेव्हापासूनचाच आहे. पण डिस्कचा आणि वायफायचा काय संबंध?

तिसराकान:

संबंध आहे, आणि चांगला घट्ट आहे. डिस्क ज्या पोर्टमध्ये आहे त्याच्या आतली पट्टी निळी आहे का बघा. निळी म्हणजे बहुधा यूएसबी ३. त्याच्या तारांमधून सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने माहिती धावते, आणि त्या धावण्याचा विद्युत गोंगाट नेमका २.४ च्या पट्ट्यातही पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर मोजमापांसकट एक टिपण काढलं होतं. डिस्क जोडल्यावर त्या पट्ट्यातला गोंगाट २० डेसिबलच्या आसपास वाढलेला त्यात दाखवला आहे. २० डेसिबल म्हणजे शंभर पट.

टीव्हीचा वायफाय अँटेना मागच्या कव्हरच्या आतच असतो. तुमची डिस्क त्याच्यापासून फार तर वीतभर अंतरावर लोंबत असेल.

आणि पूर्ण कांड्यांमुळे फसगत होते ती अशी: राउटरचा आवाज किती मोठा पोचतोय एवढंच कांड्या सांगतात, तो कळतोय का हे सांगत नाहीत. शेजारी ड्रिल मशीन चालू असताना कोणी तुमच्याशी मोठ्याने बोललं तरी शब्द कळत नाहीत, तसं. टीव्ही 'पुन्हा सांग, पुन्हा सांग' करत राहतो. संध्याकाळी आजूबाजूच्या सगळ्यांची वायफायं जोरात चालू असतात, त्यामुळे उरलीसुरली जागाही जाते. सिनेमा चालतो कारण तो पुढचा भाग आधीच भरून ठेवतो. लाइव्हमध्ये हाताशी काही सेकंदच असतात, ते संपले की गोल फिरायला लागतं.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजा. लॅपटॉपवरून टीव्हीच्या पत्त्याला १०० वेळा पिंग करा, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर येतं का आणि किती वेळात ते बघा. आधी डिस्क लावलेली असताना, मग डिस्क उपसून. दोन्ही वेळा टीव्हीवर तोच व्हिडिओ चालू ठेवा आणि वेळ संध्याकाळचीच घ्या. लॅपटॉप मात्र '५जी' नावाच्या वायफायवर ठेवा, ते ५ गिगाहर्ट्झच्या वेगळ्या पट्ट्यात चालतं, नाहीतर त्याचाच गोंधळ आकड्यांत मिसळेल. काही टीव्ही पिंगला उत्तरच देत नाहीत. तसं झालं तर नुसतं डिस्क काढून दोन संध्याकाळी बघा.

उंबरठा:

मोजलं. आज संध्याकाळी सव्वासहाला.

डिस्क लावलेली: १०० पैकी ३१ हरवले. जे आले त्यातले कित्येक ४००-५०० मिलिसेकंदांनी आले.

डिस्क काढली: १०० पैकी १ हरवला. बाकीचे बहुतेक ४ ते १२ मिलिसेकंदांत.

विश्वास बसेना म्हणून डिस्क परत लावली. २७ हरवले. परत काढली, शून्य. पोर्ट निळाच आहे. आणि डिस्क काढल्या क्षणी रिमोट पहिल्या दाबात ऐकायला लागला. सात आठवडे मी त्यात सेल बदलत होते.

आता अडचण अशी, की आईला ते व्हिडिओ हवे असतात. दुपारी एकटी बसून बघते. डिस्क कायमची काढ असं मी तिला सांगणार नाही.

तिसराकान:

काढायची गरजच नाही. त्याच टीव्हीला दुसरा, काळ्या पट्टीचा यूएसबी पोर्ट असेल, तो बहुधा यूएसबी २ असतो. डिस्क त्यात लावा. तिथे वेग ४८० मेगाबिटवर येतो, आणि हा गोंगाट त्या जास्त वेगाच्या तारांचा असल्याने तोही थांबतो. कॅसेटवरून उतरवलेल्या व्हिडिओला एवढा वेग पुरून उरतो. काळा पोर्ट नसेल तर चांगल्या शील्डिंगची (गोंगाट आत अडवणाऱ्या वेष्टणाची) मीटरभर एक्स्टेंशन केबल घ्या आणि डिस्क टीव्हीपासून लांब, खाली ठेवा. अंतर वाढलं की गोंगाट झपाट्याने उतरतो.

चौथीभिंत:

मध्येच बोलतोय, पण टीव्हीला '५जी' नाव दिसत नाही हे तसंच राहून गेलंय. मोबाइलला दिसतं आणि टीव्हीला नाही, म्हणजे राउटर बहुधा अशा चॅनेलवर (पट्ट्यातल्या एका छोट्या भागावर) गेलाय जो टीव्हीला येतच नाही. ५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते १४४ हे चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेले असतात. हवामानाची रडारंही त्यात येतात. राउटरला तिथे सुरू होण्याआधी किमान ६० सेकंद कान देऊन ऐकावं लागतं आणि रडार जाणवलं की जागा सोडावी लागते. पुष्कळ टीव्ही हे चॅनेल हाताळतच नाहीत, त्यांच्या लेखी ते नाव अस्तित्वातच नसतं.

राउटर 'ऑटो'वर असेल तर तुम्ही हात न लावताही तो तिकडे जाऊ शकतो. सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झचा चॅनेल बघा आणि ३६, ४०, ४४, ४८ यांपैकी एक ठरवून टाका. सात मीटर आणि एक विटांची भिंत एवढ्यातून ५ गिगाहर्ट्झ नीट पोचायला हवं, मोबाइलचा आकडा तेच सांगतोय. तिथे असाल तोवर २.४ च्या चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ करून १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो निवडा, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत.

एक मात्र करू नका. दोन्ही नावं एकच करायची सोय राउटरमध्ये असते, ती लावू नका. टीव्ही मग मनाला येईल त्या पट्ट्यावर बसेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

उंबरठा:

चार दिवस मुद्दाम थांबून लिहितेय, कारण आधी एकदा 'बरं वाटतंय' म्हणून फसले होते.

राउटर चॅनेल १०० वर होता. ४४ केला आणि मिनिटभरात टीव्हीच्या यादीत दुसरं नाव आलं. टीव्ही आता त्याच्यावर आहे, साधं नाव टीव्हीतून पुसून टाकलं, म्हणजे तो गुपचूप परत तिकडे जाणार नाही. काळा पोर्ट टीव्हीच्या उजव्या कडेला होता, भिंतीला इतका चिकटून की मला हाताने चाचपून शोधावा लागला. डिस्क त्यात आहे आणि बाबांचे व्हिडिओ पूर्वीसारखेच चालतात.

तिसराकान, डिस्क काळ्या पोर्टमध्ये ठेवूनही पिंग करून बघितलं. १०० पैकी एकही हरवला नाही.

चारही संध्याकाळी वर्ग सलग झाला. काल आईने पाय उचलला, बाईंनी पाच मोजले, आईने पाय खाली ठेवला, असं दहा वेळा. मी दारात उभी राहून सगळे दहा ऐकले.